कालिपाच्या वाट्याचं हाड

कालिपाला कापड घेताना मीटरपट्टीची गरज पडत नसे. मधल्या बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत तिचा हात म्हणजे फिल्मच्या बरोबर चोवीस चौकटी, पडद्यावरचा एक सेकंद. ओश बाजारातला कापडवाला तुकडा फाडून पुढे करायचा आणि ती हातावर टाकून सांगायची, "चार बोटं कमी आहे." तो चिडून पट्टी लावायचा. चार बोटं कमीच निघायचं.

"आपा, पूर्वी शिवणकाम करायचात का?" त्यानं एकदा विचारलं.

"करायचे," कालिपा म्हणाली. "पण मी शिवलेलं दुसरेच लोक अंगात घालून फिरले."

बिश्केकच्या सिनेमा स्टुडिओत ती एकोणिसाव्या वर्षी लागली, तेव्हा शहराचं नावही वेगळं होतं. हुद्दा होता संकलन सहाय्यक. पांढरे सुती हातमोजे, काचेचं टेबल, काचेखाली दिवा आणि फिल्म जोडायच्या डिंकाचा गोड उग्र वास. तो वास केसांतून कधी गेलाच नाही. नवरा, झुमाश, बसचालक होता. तो म्हणायचा, तुझ्या उशीवर झोपलं की डोकं दुखतं. पुढं त्यानं उशीही बदलली आणि घरही. मुलगी चिनारा तेव्हा सहा वर्षांची होती. कालिपा तिला शाळेनंतर स्टुडिओत आणून टेबलाखाली बसवायची, आणि ती पोर टोपलीतल्या टाकाऊ फिल्मच्या वेण्या घालत बसायची.

त्या टोपलीचीच सगळी गोष्ट आहे.

दिग्दर्शक कारिपबेकनं अकरा सिनेमे केले. त्यांतला एक, 'खालचं कुरण', परदेशात बक्षीस घेऊन आला आणि कारिपबेक थोर झाला. त्या सिनेमाची शेवटची नऊ मिनिटं आजही सिनेमाच्या शाळेत दाखवतात. सामूहिक शेतीवाले एका म्हातारीचे घोडे घेऊन जातात. घोडे जाताना दिसतच नाहीत. तंबूच्या दाराशी बांधलेली केसांची दोरी हलत राहते, मग थांबते, आणि म्हातारी आपले दोन्ही हात घागऱ्याला पुसते. पुसतच राहते. बस, एवढंच.

कारिपबेकनं असं काही चित्रित केलं नव्हतं. त्यानं चित्रित केले होते साठ घोडे, क्रेनवरून, धुळीचे लोट आणि म्हातारीच्या तोंडी अडीच पानांचं भाषण. कालिपा तीन आठवडे त्या घोड्यांशी झुंजली. कसेही कापले तरी ते परेडीला निघाल्यासारखे दिसायचे. कारिपबेक त्या सुमारास मॉस्कोत होता आणि फोनवर येत नव्हता. शेवटी तिनं घोडे खिळ्यावर टांगून ठेवले आणि टोपली उपसली. तिथं तो तुकडा सापडला. दिग्दर्शक 'थांबा' म्हणाल्यावरही कॅमेरा चालू राहून गेला होता. नटी काम संपलं म्हणून हात पुसत होती, आणि मागं कुणीतरी घोड्याची दोरी सोडत होतं. कालिपानं तो तुकडा हातावर टाकला. नऊ हात भरला. नऊ सेकंद. मग तिनं भाषण काढलं, घोडे काढले, आणि उरलेलं सगळं त्या नऊ सेकंदांच्या अलीकडं-पलीकडं लावलं.

कारिपबेक परत आला, एकदा पाहिलं, सिगारेट विझवली. "मीही हेच करणार होतो," म्हणाला.

संकलक म्हणून पडद्यावर नाव आलं रोझाचं. रोझा म्हणजे कारिपबेकची बायको. संकलकाची जागा एकच होती, त्या जागेबरोबर दोन खोल्यांचा फ्लॅट होता, आणि रोझा तिथं कागदावर होती. पहिल्या दिवशी ती केक घेऊन आली होती, शेवटच्या दिवशी सही करायला. मधल्या काळात ती सोचीला समुद्रावर होती. सहाय्यकांची नावं तेव्हा पडद्यावर टाकत नसत.

चिनारा आठवीत असताना शाळेनं तो सिनेमा दाखवला. पोरीनं अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं, शेवट माझ्या आईनं केलाय म्हणून. सिनेमा संपला, नावं वर सरकत गेली आणि मुलं नावं वाचत राहिली. घरी येऊन ती फक्त एवढंच म्हणाली, "आई, तुझं नाव कुठंच नाही." खोटारडी म्हणाली असती तरी कालिपाला कमी लागलं असतं. आता चिनारा मॉस्कोत एका दुकानात गल्ल्यावर बसते, दर रविवारी फोन करते, आणि त्या गोष्टीबद्दल आजवर एकदाही बोललेली नव्हती.

मग या वसंतात कारिपबेकची ऐंशीवी जयंती आली. तो जाऊन अकरा वर्षं झाली होती. 'खालचं कुरण'ची जुनी प्रत परदेशात स्वच्छ करून नवी काढायचं ठरलं, आणि नवी प्रत म्हणजे नवी श्रेयनामावली. यादी करायचं काम कारिपबेकच्या मुलाकडं, आदिलेतकडं होतं, आणि सोबतची पुस्तिका लिहायला बेगायिम नावाची एक मुलगी होती. तीस वर्षांची, केस कापलेली, जिभेला हाड नसलेली.

तीच एका रविवारी दुपारी कालिपाच्या एका खोलीच्या घरी आली. चहा घेतला, तळलेले बोरसोक खाल्ले, आणि पिशवीतून काही फोटो काढले. जुन्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या, फिल्मच्या कडेला पांढऱ्या पेन्सिलीनं लिहिलेले आकडे.

"कालिपा एजे, हे अक्षर कुणाचं?" थोरल्या बाईला तिकडं मानानं एजे म्हणतात.

कालिपानं चष्मा लावला. लावायची गरज नव्हती.

"रोझा एजेंचं अक्षर मी पाहिलंय," बेगायिम म्हणाली. "सातचा आकडा असा काढत नाहीत त्या. शेवटच्या रिळाच्या एकाही डब्यावर त्यांचा सात नाही. मला सांगा ना, कुणी केलं हे? पुढच्या सोमवारी यादी जाते. त्यानंतर पुढची पन्नास वर्षं कुणी हात लावणार नाही."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. चहाही गरम होता. पण कालिपाला ते वाक्य या खोलीत, या फाटक्या सतरंजीवर नको होतं. रोझा समोर बसलेली हवी होती, आणि स्टुडिओतली ती म्हातारी मंडळीही.

"पुढच्या रविवारी रोझाकडं जयंतीचं जेवण आहे ना?" ती म्हणाली. "तू येणार आहेस?"

"बोलावलंय."

"मग तिथं विचार. मी सगळ्यांसमोर सांगते."

त्या रात्री चिनाराचा फोन आला तेव्हा तिनं तिलाही सांगून टाकलं. मग चिनारा म्हणाली, "आई, खरंच बोलशील ना? ऐनवेळी मिठाची गुळणी धरू नकोस."

"नाही धरणार."

आठवडाभर ती भांडी घासताना दोन वाक्यं घोकत होती. तो तुकडा मी टोपलीतून उचलला. रोझा त्या दिवशी सोचीला होती.

रविवारी तिनं निळा झगा घातला, केसांना रुमाल बांधला, आणि ट्रॉलीबसनं गेली. रोझाच्या अंगणात अक्रोडाखाली लांब टेबल मांडलं होतं. वीसेक माणसं होती. वरच्या अंगाला पटकथाकार सामसाली, वय ब्याऐंशी, कानाला यंत्र, छातीला पदकं. त्याच्या शेजारी कॅमेरामन तुरातबेक, हात थरथरणारा, आवाज मात्र तसाच. संस्कृती खात्याचा एक जाडजूड साहेब. कालिपा बायकांमध्ये वयानं सगळ्यांत मोठी. रोझाहून दोन वर्षांनी मोठी, पण रोझानं तिला आयुष्यात कधी एजे म्हटलं नाही.

"ये कालिपा," रोझा म्हणाली. मोत्यांची माळ, केस नुकतेच काळे केलेले. "इथं बस, सावलीत. तुझे गुडघे कसे आहेत?"

"आहेत जागेवर."

चहा झाला, सॅलड झाली, दोन-तीन भाषणं झाली. साहेब म्हणाला, कारिपबेक म्हणजे पर्वत. सामसाली म्हणाला, पर्वतच, मी पायथ्याशी राहून पाहिलाय, वरून दगड फार पडायचे. लोक हसले. तेवढ्यात बेगायिमनं चहाची वाटी खाली ठेवली.

"मी एक विचारू का? राग धरायचा नाही."

"राग धरायला ताकद लागते, पोरी. विचार," सामसाली म्हणाला.

"आपल्याकडच्या थोर दिग्दर्शकांपैकी उगाच डोक्यावर घेतलेला कोण?"

म्हाताऱ्यांच्या तोंडावर एकदम तजेला आला. सामसालीनं कानातलं यंत्र नीट बसवलं.

"पहिला नंबर आल्माटीचा सेरिकबाय! त्याच्या सिनेमात घोडा चालायला लागला की मी उठून चहा करून यायचो. परत यावं तर घोडा चालतोच आहे. एकदा मी दाढी करून आलो."

"तो बरा म्हणा," तुरातबेक म्हणाला. "ताश्कंदचा रहमतुल्ला आठवा. सगळ्या बायका खिडकीशी उभ्या राहून रडणार. चूल कोण पेटवायचं त्या घरात?"

"आणि त्या खिडक्या पुठ्ठ्याच्या असायच्या," कालिपा म्हणाली. "वारा आला की बाईच्या आधी खिडकी हुंदका द्यायची."

टेबल हसलं. कालिपाला बरं वाटलं. तिला वाटलं, आज जमणार.

"मॉस्कोच्या थोरांबद्दल बोला ना," खालच्या अंगानं कुणीतरी म्हणालं.

"आमचे एक गुरुजी होते तिथले," तुरातबेक म्हणाला. "त्यांच्या चित्रात सारखं पाणी ठिबकायचं. सगळे टीकाकार म्हणायचे, काळ ठिबकतोय. मी म्हटलं, प्लंबर बोलवा. मला वर्गाबाहेर काढलं."

"शिकलात काही?"

"नळ दुरुस्त करायला शिकलो. त्यावर नव्वदच्या दशकात घर चाललं."

हसणं ओसरायच्या आत बेगायिम म्हणाली, "आणि कारिपबेक बायके?" थोरल्या पुरुषाला तिकडं मानानं बायके म्हणतात.

आदिलेतनं आईकडं पाहिलं. साहेबानं रुमालानं तोंड पुसलं.

"अगं, माणसाच्या घरी बसून," तो म्हणाला.

"माझे बाबाच म्हणायचे, मेलेल्याला सगळ्यात आधी कौतुक खातं," आदिलेत म्हणाला. "बोलू द्या तिला." तो बोलला मोठेपणानं, पण कान लाल झाले होते.

"मी अकराच्या अकरा पाहिलेत," बेगायिम म्हणाली. "दहा वाईट आहेत. नुसते वाईट नाहीत, ढिसाळ. घोडे, धूळ, भाषण. पुन्हा घोडे. अकरावा म्हणजे 'खालचं कुरण', त्याचाही पहिला सव्वा तास मला जांभया आल्या. आणि मग ती नऊ मिनिटं. ती नऊ मिनिटं त्या माणसाची वाटतच नाहीत. संहितेत तिथं अडीच पानं भाषण आहे. शूटिंगच्या वहीत साठ घोडे आहेत. पडद्यावर यातलं काहीही नाही. मग ती केली कुणी?"

"दोरी माझी!" सामसाली ओरडला. "दोरी माझ्या संहितेत होती."

"तुमच्या दोरीवर कपडे वाळत होते, बायके. मी वाचलंय."

"पण दोरी होती ना!"

"अहो, कॅमेरा कुणी चालू ठेवला?" तुरातबेकनं टेबलावर बोट आपटलं. "तो म्हणाला थांबा. मी थांबलो नाही. का? इथून आलं," त्यानं छातीवर हात ठेवला, "आतून. मी म्हातारीचे हात पाहिले आणि मनात म्हटलं, तुरातबेक, थांबू नकोस."

त्या दिवशी तुरातबेक कॅमेरा बंद करायचं बटण दाबायला विसरून सहाय्यकाला शिव्या देत होता. त्या शिव्या ध्वनिफितीवर होत्या. कालिपानं स्वतः कापल्या होत्या. पण तिनं त्याला बोलू दिलं. तिची पाळी पुढं होती.

"म्हणजे काय," साहेबानं समेटाचा सूर लावला, "चित्र घडतं संकलनात. आमच्या मुलीचं म्हणणं असं दिसतंय की संकलकानं सिनेमा वाचवला. मग संकलक कोण? अहो, समोरच तर बसल्यात! रोझा एजे!"

"रोझा एजे!" दोघातिघांनी पेले उचलले.

रोझानं मान खाली घातली. मोत्यांना हात लावला. "मी काय, नवऱ्याच्या कामाला हातभार," ती म्हणाली.

तेवढ्यात मांस आलं.

हात धुवायला पाणी फिरलं, आणि रोझाची सून मोठी परात घेऊन आली. कुणाच्या पुढ्यात कुठलं हाड, हे वयावर आणि मानावर ठरतं. लग्नात यावरून सोयरिकी मोडलेल्या आहेत. सामसालीपुढं कमरेचं आलं, तुरातबेकपुढं मांडीचं, साहेबापुढं मुंडकं. थोरल्या बाईच्या वाट्याला माकडहाड, चरबीसकट, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. सून टेबलाला वळसा घालून आली आणि तिनं कालिपाच्या ताटलीत पुढच्या पायाचं बारकं हाड ठेवलं.

त्या हाडाला म्हणतातच मोलकरणीचं हाड. पाहुण्याला ते कुणी वाढत नाही. स्वयंपाकघरातल्या स्वयंपाकघरात संपवतात.

सून शहरात वाढलेली, मांस दुकानातून किलोवर आणणारी. तिला हाडातलं हाड कळत नव्हतं. हसून "घ्या ना, आपा" म्हणाली आणि पुढं गेली. कालिपाला तिचा राग आला नाही. तिनं वर पाहिलं. रोझा तिच्या ताटलीकडंच बघत होती. रोझाला कळलं होतं. तिचा हात परातीकडं निघाला, सुनेच्या बाहीपर्यंत पोचला, आणि तिथून वळून आपल्याच माळेवर गेला. तिनं माळ सरळ केली.

आजूबाजूच्या दोन बायकांनीही पाहिलं होतं. त्या आपापल्या ताटलीत बघू लागल्या.

"कालिपा एजे," बेगायिम म्हणाली. ती थेट तिच्याकडं बघत होती, एखादी शिक्षिका धडा पाठ करून आलेल्या मुलीकडं बघते तशी. "त्या खोलीत तुम्ही होतात. ती नऊ मिनिटं कुणी केली, ते तुम्हीच सांगा."

आदिलेतनं खिशातून वही काढली होती.

दोन वाक्यं जिभेवर तयार होती. कालिपानं हाडाकडं पाहिलं, आणि तिला ऐकू आलं की आपण ते बोललो तर कसं वाजेल. पुढ्यात मोलकरणीचं हाड असलेली म्हातारी सांगणार, मालकिणीचं काम मी केलं. साहेब हळहळल्यासारखं करणार. रोझा पुन्हा मान खाली घालणार आणि मऊ आवाजात म्हणणार, कालिपानं खूप मदत केली, खरंच. आणि लोक म्हणणार, बघा, किती मोठं मन. रोझाचं ते मऊ हसू तोंडावर आधीच येऊन बसलं होतं. काहीही करून ते पुसायचं, एवढंच कालिपाला त्या क्षणी कळत होतं.

"कारिपबेकनं," ती म्हणाली.

बेगायिमची मान पुढं झाली. "काय?"

"सगळं कारिपबेकनं केलं. चौकट न् चौकट." आपला आवाज एवढा ठणठणीत निघेल असं तिला वाटलं नव्हतं. "तू पोर आहेस, तुला काय माहीत. तो मॉस्कोहून विमानानं थेट खोलीत आला, कोट न काढता. म्हणाला, कालिपा, घोडे काढ. मी म्हटलं, साठ घोडे? म्हणाला, साठच्या साठ. मग स्वतः वाकून टोपली उपसली. गुडघ्यावर बसून. तो तुकडा त्यानं काढला."

"दिग्दर्शकानं? टोपलीतून?"

"हो तर. हातावर मोजला." तिनं आपला हात टेबलावर आडवा ठेवला, मधल्या बोटापासून कोपरापर्यंत. "अस्सा. चोवीस चौकटी. नऊ हात. हे मोजायचं मला त्यानंच शिकवलं. मी नुसती डिंक लावत होते."

सामसालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "वा," तो म्हणाला. "कोट न काढता!"

"आणि रोझा एजे?" साहेबानं विचारलं.

कालिपानं रोझाकडं पाहिलं. हसू अजून होतं, पण आता त्याला काय करावं ते कळत नव्हतं.

"रोझानं केक आणला होता," कालिपा म्हणाली. "चांगला होता केक."

आधी तुरातबेक हसला, मग सगळं टेबल. रोझाचं हसू गेलं. कालिपानं ते जाताना पाहिलं, पूर्ण, सावकाश, आणि दोन-तीन सेकंद तिला फार गोड वाटलं.

मग आदिलेत उठला. "मी हे कधी ऐकलंच नव्हतं. बाबा स्वतःबद्दल असं कधी बोललेच नाहीत." बोलले नव्हते हे खरं होतं; ते फक्त परदेशातल्या मुलाखतींत बोलायचे. "मग हे यादीत यायला हवं. 'दिग्दर्शन आणि संकलन: कारिपबेक.' एकच ओळ. आई, तुझी हरकत नाही ना? शेवटी कालिपा एजे साक्षीदार आहेत. त्या खोलीत दुसरं कोण होतं?"

"नाही," रोझा म्हणाली. "माझी कशाला हरकत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेगायिमनं वाजवल्या नाहीत. तिनं आपले फोटो गोळा करून पिशवीत घातले, आणि जाताना कालिपाच्या खुर्चीमागं क्षणभर थांबली.

"त्यांना सात काढता यायचा का, एजे? तुमच्यासारखा?"

मुलगी गेली.

ताटल्या उचलायच्या वेळी कालिपा सवयीनं स्वयंपाकघरात गेली. या घरात ती नेहमी शेवटी तिथंच पोचायची. रोझा मोरीशी पाठमोरी उभी होती, नळ चालू होता.

"चाळीस वर्षं तेवढीच एक ओळ होती माझी," रोझा म्हणाली. "आज मुलानं खोडली. तू खोडलीस."

"तुझी कधी होती?"

"नव्हती." रोझानं नळ बंद केला नाही. "तुझी होती. मला काय माहीत नाही? तो घरी येऊन सांगायचा, कालिपाच्या हातात जादू आहे, कुणाला बोलू नकोस. आज तू तिथं बोलली असतीस, तर मी नाही म्हटलं नसतं."

"आता म्हणतेस."

"आता म्हणते."

"पाण्याचा आवाज मोठा आहे म्हणून म्हणतेस. आणि हाड? सुनेला कळत नाही. तुला कळतं."

रोझानं परातीवरचं झाकण उघडलं, तळाशी राहिलेलं माकडहाड काढलं, चरबीसकट, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. थोरल्या बाईचा वाटा घरी न्यायचाच असतो.

"घेऊन जा, एजे," ती म्हणाली.

पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

कालिपानं पिशवी घेतली. अंगणातून जाताना आपल्या ताटलीतलं बारकं हाडही रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं. काहीच टाकून द्यायची तिला सवय नव्हती. ट्रॉलीबसमध्ये तिच्या मांडीवर ती पिशवी ऊबदार होती आणि शेजारची बाई वासानं तोंड फिरवून बसली होती.

घरी येऊन ती रुमाल सोडते न सोडते तोच चिनाराचा फोन आला. पलीकडं दुकानाचे आवाज, कुणीतरी सुट्टे मागत होतं.

"आई, पटकन सांग, गिऱ्हाईक आहे. बोललीस?"

"बोलले."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. रोझा समोर होती."

"आणि? विश्वास ठेवला त्यांनी?"

कालिपानं पिशवीची गाठ सोडायला घेतली. रोझानं ती फार घट्ट मारली होती.

"ठेवला," ती म्हणाली. "एकानंही शंका घेतली नाही."

चिनारा रडायला लागली. एवढ्या वर्षांनी, गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकासमोर, आनंदानं. "मी म्हटलं होतं ना वर्गात," ती म्हणत होती, "मी तेव्हाच म्हटलं होतं. आई, नवी प्रत इथं लागली की मी सगळ्यांना घेऊन जाणार बघायला. अख्ख्या दुकानाला. शेवटपर्यंत बसवणार, नावं संपेपर्यंत."

कालिपा गाठीशी झटत राहिली. ती सुटेना, तेव्हा तिनं कात्री घेतली.